पाहणी केली असता

९ फेब्रुवारी
आजही सूर्य मागच्या बाजूने उगवला, न्हाणीघराच्या खिडकीतून. सलग पाचवा दिवस. म्हणजे चुकून झालेलं नाही! पृथ्वी आता उलटी फिरते. टीव्हीवरचे शास्त्रज्ञ हे अशा सुरात सांगतात, जणू बसचा मार्ग बदलला आहे. जन्मभर ऐकत आले की पृथ्वी थांबली तर माणसं, घरं, समुद्र, सगळं भिरकावलं जाईल. इथे ओट्यावरचं दूधसुद्धा सांडलं नाही. त्यावर त्यांचं म्हणणं, "आम्हालाही आश्चर्य वाटतं." आश्चर्य मलाही वाटतं. मला कोणी टीव्हीवर बोलावत नाही.

हे म्हणाले, "निदान तुझ्या खोलीत आता सकाळचं ऊन येईल." सकाळचं ऊन नको, म्हणूनच तर मी ती खोली घेतली होती! चाळीस वर्षांच्या संसारात एवढंही लक्षात आलेलं नाही.

११ फेब्रुवारी
दिवस आठ मिनिटांनी लहान झाला आहे. त्यामुळे वर्षात दोन दिवस जास्त मावणार म्हणे. दिवस जास्त आणि प्रत्येक अपुरा! कोणी विचारलं होतं का आम्हाला?

१५ फेब्रुवारी
वारा फिरला.

आमची टेकडी गावाच्या एका टोकाला. नदीपलीकडची वस्ती दुसऱ्या टोकाला. मधे, नदीच्या अलीकडे, कातडी कमावण्याचा कारखाना. आजवर वारा टेकडीवरून निघायचा, कारखान्यावरून जायचा आणि पलीकडच्या वस्तीत शिरायचा. आता पृथ्वी उलटली, तर वाराही उलटला. दुपारी जेवायला बसलो आणि वास आला. चुन्यात भिजलेली कातडी, नासकी अंडी आणि आणखी काहीतरी, ज्याला नाव द्यायची माझी इच्छा नाही. हे पान टाकून उठले. त्यांना आधीच दमा. संध्याकाळपर्यंत तीनदा पंप ओढला.

टेकडीवर असा वास! टेकडीवर!!

१८ फेब्रुवारी
दंतवैद्यांच्या दिवाणखान्यात टेकडी रहिवासी मंडळाची सभा. दंतवैद्य अध्यक्ष, कारण त्यांच्याकडे खुर्च्या जास्त. म्हणाले, "पलीकडच्या लोकांना सवय आहे. आपल्याला हा त्रास नवा आहे, म्हणून आपला जास्त." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

तक्रारीचा मसुदा अर्थातच माझ्याकडे आला. "बाई, तुम्ही नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात चौतीस वर्षं काढलीत, हेडक्लार्क होतात. तुमच्यासारखं कोण लिहिणार?" कोणीच नाही. खोटी नम्रता मला कॉन्व्हेंटात शिकवली नाही. तिथे शिकवलं ते असं, की तक्रार उभं राहून, ताठ मानेने, पूर्ण वाक्यात करायची. दोन पानं लिहिली.

२६ फेब्रुवारी
उत्तर आलं.

'पाहणी केली असता आक्षेपार्ह दुर्गंधी आढळून आली नाही. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.'

तीनदा वाचलं. वाक्य निर्दोष आहे. असणारच. माझंच आहे ते.

२७ फेब्रुवारी
खात्यात जाऊन आले. माझं टेबल होतं तिथे आता झेरॉक्सचं मशीन आहे. ते माझ्यापेक्षा जास्त बोलतं.

नवा निरीक्षक सभ्य माणूस निघाला. खुर्ची दिली, पाणी दिलं. रागावायला जागाच ठेवली नाही.

"पाहणी मी स्वतः केली, काकू."

"उभे कुठे राहिलात?"

"नदीकडच्या फाटकाशी."

"अहो, पण वारा त्याच फाटकातून आत शिरतो! तिथे उभं राहिल्यावर वास येईल कसा?"

"तीच पद्धत आहे, काकू. पूर्वी वारा टेकडीकडून यायचा, म्हणून टेकडीकडच्या फाटकाशी उभे राहायचे. आता नदीकडून येतो, म्हणून मी तिकडे राहिलो. फायलीत टिपण आहे ना." त्याने फाईल काढून माझ्यापुढे उघडली. निळी शाई, तिरकं, वळणदार अक्षर: 'पाहणी नेहमी वारा पाठीवर घेऊन, त्या बाजूच्या फाटकाशी उभे राहून करावी.'

"काय सुरेख अक्षर आहे!" तो म्हणाला. "कोणाचं, कोण जाणे."

"कॉन्व्हेंटातलं दिसतंय," मी म्हटलं आणि पर्स उचलली.

१ मार्च
मी एकही खोटा शब्द लिहिलेला नाही. हे इथे नोंदवून ठेवते. 'आढळून आली नाही' म्हणजे आढळून आली नाही. आमच्या वेळच्या साहेबांना त्या फाटकाशी खरोखरच वास यायचा नाही. कुठे उभं राहायचं ते मी सांगायचे, एवढंच. कारखाना सुरू राहावा ही वरची इच्छा होती. वरच्यांची इच्छा नीट वाक्यात बसवणं हे माझं काम.

पलीकडून महिन्याला वीसेक तक्रारी यायच्या. त्यातली एक ठरलेली, माझ्या धाकट्या बहिणीची. लग्न होऊन ती पलीकडे गेली. पोस्टकार्ड पाठवायची, 'माननीय महोदय' असं. मी उलट लिहायचे, 'महोदया, पाहणी केली असता...' रविवारी ती घरी यायची तेव्हा आम्ही भरतकामाबद्दल बोलायचो. चौदा वर्षं असं चाललं. मग कार्डं थांबली. मला वाटलं, झाली असेल सवय.

५ मार्च
हे तीन दिवस बसूनच झोपतात. ओठ निळसर दिसतात. डॉक्टर म्हणाले, "यांना हवापालट हवा." हवा पालटली म्हणूनच तर हे झालं आहे! अशाने एक दिवस त्यांचा श्वास थांबेल, हे डॉक्टरांनी जिन्यात सांगितलं. तेवढं त्यांना स्पष्ट बोलता येतं.

दुपारी धाकटी आली. ह्यांच्या पलंगाशी बसली. "भाऊजी, चला माझ्याकडे. आमची हवा सध्या फार छान आहे."

'सध्या' हा शब्द तिने अगदी सहज उच्चारला. मला मात्र तेवढाच ऐकू आला.

ह्यांनी बॅग स्वतः भरली! जन्मात पहिल्यांदा.

"ताई, तूही चल ना."

"मला माझं घर आहे."

"घराला कुलूप असतं गं," ती म्हणाली.

मी गेले नाही.

९ मार्च
ह्यांचा फोन. धाकटीचे दोन जिने न थांबता चढले म्हणे. आवाज मोठा, खणखणीत, आगाऊ. बरे आहेत. पण किती दिवस पाहुणे राहणार? कारखाना हलल्याशिवाय ह्यांना घरी आणता येणार नाही.

मग धाकटी बोलली. तिचा खोकला गेला आहे. मी विचारलं, कुठला खोकला? आणि मग कळलं. इतकी वर्षं मला वाटायचं, ती बोलण्याआधी घसा साफ करते. लाजरी आहे, म्हणून.

१२ मार्च
मंडळाने वरपर्यंत ओरड केली, म्हणून नेमलेल्या चौकशी समितीची पहिली बैठक. कारखान्याचा वकील उठला. म्हणाला, "कारखान्यात काहीच बदललेलं नाही. बदलली ती पृथ्वी. हे नैसर्गिक संकट आहे, त्याला माझे अशील काय करणार? चौतीस वर्षांत एकही तक्रार खरी ठरलेली नाही." आणि नोंदवह्यांचा ढीग टेबलावर ठेवला. प्रत्येक पानाखाली माझी सही. सही तेव्हाही फार देखणी होती.

"सगळं खोटं आहे!" दंतवैद्य ओरडले.

समितीच्या अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, "असेल. पण तसं सांगणारं कोणीतरी हवं. तेव्हाचं, खात्यातलं." पुढची बैठक वीस तारखेला, अकरा वाजता.

बाहेर दंतवैद्यांनी मला गाठलं. "बाई, तुम्ही सांगा. फक्त असं सांगा की हाताखालच्या कोणीतरी केलं." माझ्या हाताखाली एक शिपाई होता. तो वारला. बिचाऱ्याने आयुष्यात चहाखेरीज काही केलं नाही.

१६ मार्च
सहा वेळा निवेदन लिहायला बसले. 'पाहणी केली असता' याच्या पुढे हात जात नाही.

१८ मार्च
धाकटीकडे गेले. हे गच्चीत खुर्ची टाकून पेपर वाचत होते, पलीकडच्या वस्तीचे राजे असल्यासारखे. ती वाळलेल्या चादरी काढत होती. मी सांगून टाकलं. "फाटकाशी उभं राहायची युक्ती माझी होती."

"ठाऊक आहे, ताई."

"कधीपासून?"

"साहेब कुठे उभे राहतात ते आमच्या गच्चीतून दिसायचं. ते एवढे हुशार नव्हते."

"मग तू कधी काही बोलली का नाहीस?"

"दर महिन्याला बोलत होते की. पोस्टकार्डावर."

मी दोरीवरचे चिमटे काढायला लागले.

तिने विचारलं, "परवा सांगणार आहेस?"

"ह्यांच्यासाठी सांगावंच लागेल."

"हो," ती म्हणाली. "भाऊजींसाठी." आणि चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

१९ मार्च
निवेदन झालं. युक्ती माझी, टिपण माझं, सह्या माझ्या. 'करण्यात आले' असं एकदाही लिहिलं नाही. फार अवघड गेलं. दंतवैद्यांना फोनवर वाचून दाखवलं. "फार धाडसी, बाई! शेवटी आपल्या टेकडीचा प्रश्न आहे." टीव्हीवर तेच शास्त्रज्ञ सांगत होते, पृथ्वीचं हे उलट फिरणं आता कायमचं.

२० मार्च
आज सूर्य पुढच्या खिडकीतून उगवला. जुन्या बाजूने, काही झालंच नाही अशा थाटात.

साडेआठला दंतवैद्यांचा फोन. "सुटलो, बाई! आठ-दहा दिवसांत वाराही पूर्वीसारखा होईल. मंडळ तक्रार मागे घेतंय. आता तुम्ही कशाला स्वतःची शोभा करून घेता?" नऊला धाकटीचा. "बरं झालं गं ताई. भाऊजींना आता घरी नेता येईल." अकराच्या बैठकीचं विचारलंच नाही.

तक्रार कोणीही मागे घेवो, समिती अकराला बसणार आहे. मी निवेदन पुन्हा वाचलं. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, 'माझ्या पतीच्या प्रकृतीकरिता मी हे सांगत आहे.' त्यातले पहिले तीन शब्द खोडले. 'मी हे सांगत आहे' एवढंच ठेवलं.

निघते.