बिनवासाचं मलम

तीर्थरूप मामांस,

तुमच्या भाच्याचा कोपरापासून नमस्कार. तुमचे गुडघे, रक्तदाब आणि कवळी जागच्या जागी असतील अशी आशा आहे. माझी विचारपूस तुम्ही करणार नाही, कारण मामी इथे आल्यापासून तुम्ही सुखात आहात आणि सुखातल्या माणसाला दुसऱ्याची खाज दिसत नाही. तेव्हा मीच सांगतो: मी संतापलो आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही "जेवलास का?" एवढंच विचारता आणि उत्तर तुम्हाला ऐकू येत नाही.

माझा इसब तुम्ही लहानपणापासून पाहिलाय. (मला 'खाजऱ्या' तुम्हीच म्हणायचात. विसरलेलो नाही.) झाडं फुलून हवेत पराग उडायला लागले की तो दरवर्षी डोकं वर काढतो. म्हणून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी नियम घालून दिले: खिडक्या बंद, धुतलेले कपडे घरातच वाळवायचे, बाहेरून आलं की कोमट पाण्याने अंघोळ, अंग घासायचं नाही, नुसतं टिपायचं, आणि ओलसर आहे तोवर बिनवासाचं मलम थापायचं. तीन वर्षं मी हे इमानेइतबारे पाळतोय. त्यावरच माझी ग्रंथालयातली पुस्तकबांधणीची नोकरी टिकली आहे.

तीन आठवड्यांपूर्वी मामी "जरा तुझ्याकडे बघायला" म्हणून आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आत तिने सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. घर कोंदट राहिलं की माणूसही कोंदट होतो म्हणे. मी लावायचो, ती उघडायची; मी कामावर गेलो की तिला रान मोकळं. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या चादरी आतल्या दोरीवरून काढल्या आणि बाल्कनीत, फुललेल्या झाडाच्या थेट खाली वाळत घातल्या. संध्याकाळी मोठ्या कौतुकाने त्याच अंथरल्या. वर पिवळी भुकटी होती, तर म्हणाली, ऊन आहे ते. ऊन! मामा, तुम्ही एवढं आयुष्य काढलंत, कधी ऊन झटकून पाहिलंत? सकाळी माझी मान आणि कोपरांच्या खाचा लालभडक. त्यावर मामी खूश, की बघ, अंगाला किती दिवसांनी ऊन लागलं.

हेही मी गिळलं. मलमाचं मात्र गिळणार नाही. मामीने माझा डबा उघडून हुंगला. वास येईना. औषधाला वास नाही म्हणजे ते उतरलं, असा तिने निवाडा केला. (डब्यावर ठळक लिहिलंय की याला वास नाही. डबा वाचायचाही असतो हे तुमच्या घरात कुणाला ठाऊकच नाही.) फेकलं तर मी ओरडेन, म्हणून त्या बाईने त्यात सुगंधी तेलाचे वीस थेंब घातले, चमच्याने घोटलं आणि झाकण होतं तसं लावून ठेवलं. परागांच्या कृपेने माझं नाक चोंदलेलं. मी दहाही बोटांना भरपूर थापलं. आधी चुरचुर, मग आग, आणि दोन दिवसांत पेरापेराला भेगा.

ही बोटं म्हणजे माझं पोट आहे, मामा. ग्रंथालयातलं सगळ्यात जुनं नकाशांचं पुस्तक उसवून माझ्याकडे आलंय आणि सोमवारपर्यंत शिवून द्यायचंय. शिवताना भेगेतून रक्ताचा ठिपका पडला. (एका समुद्रात आता एक बेट जास्त आहे.) ग्रंथपालबाई एवढंच म्हणाल्या, की आणखी एक डाग पडला तर तुमची बदली तळघरात, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांवर. तिथली धूळ तुम्ही पाहिलेली नाही. त्या धुळीत मी महिनाभरात अख्खा सोलून निघेन. हातापाया पडून पुस्तक घरी आणलंय, पण त्याला हात लावायची मला भीती वाटते. खरंच वाटते.

मामीला मी एका शब्दाने बोललेलो नाही. मोठ्यांना तोंडावर बोलणं मला जमत नाही, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं की मीच माफी मागून मोकळा होतो. म्हणून हा सगळा राग तुमच्या पत्त्यावर. तो पोचला की लोभाचं बघू.

तुमचा,
खाजऱ्या

ता. क. – मुद्द्याचं राहिलंच. येत्या रविवारी या आणि मामीला घेऊन जा.

ता. क. २ – अक्षर तुम्ही पहिल्याच ओळीला ओळखलं असणार. दहाही बोटांना पट्ट्या आहेत, पेन धरता येत नाही, आणि घरात लिहिणारं दुसरं कुणी नाही. मी सांगत गेलो, मामी लिहीत गेली. मलमाचा परिच्छेद झाल्यावर तेवढी उठली आणि खिडकी लावून आली.

ता. क. ३ (हे माझं) – अहो, एक अक्षर गाळलेलं नाही. मला 'त्या बाईने' म्हणाला, तेही लिहिलंय. रविवारी येऊ नका. त्या पुस्तकाच्या पानांच्या नऊ जुड्या मी शिवल्या, सहा राहिल्यात. सोमवारच्या आत होतील. तो शेजारी बसून नुसता ओरडतो. माझे टाके त्याच्यापेक्षा सरळ येतात, एवढं त्याने आपल्या तोंडाने या पत्रात लिहायला सांगितलं की मी निघाले. आत्ताच विचारलं, तर म्हणतो, पत्र संपलं.