मटणाचा ट्रे

डेसदादा,

हे पत्र टाकणार नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मला ऐंशी लाख डॉलरची लॉटरी लागली तेव्हा गावात कुणी तोंडावर काही बोललं नाही. पण शुक्रवारी क्लबातल्या सोडतीत बक्षिसाचा कच्च्या मटणाचा ट्रेही मलाच लागला, तेव्हा बोलले. बारवाली म्हणाली, "मर्ल, आता हा तरी परत ठेव की! दुसरी चिठ्ठी काढू."

"का म्हणून? तिकीट फुकट घेतलं नव्हतं!" म्हटलं, आणि घरी नेऊन सगळे चॉप्स भाजून एकटीने खाल्ले.

लॉटरीच्या पैशाचा कारभार तुझ्या हाती द्यायचे तू पाठवलेले कागद मिळाले. सही करणार नाही. "तुला एकटीला सांभाळायला जमणार नाही," म्हणतोस. आई अकरा वर्षं माझ्याकडे अंथरुणाला खिळून होती, तेव्हा हे वाक्य तुला एकदाही सुचलं नाही.

तुझी एकटी बहीण,
मर्ल