ओमुटी काही विसरत नाही

२ मार्च, सोमवार
आज ठरलं. ओमुटीला कॅशे, म्हणजे एकदा वाचलेलं जपून ठेवणारा साठा, लावायचाच. ओमुटी म्हणजे मी लिहिलेली कोडची लायब्ररी. कोडची फाईल वाचते, तिच्या रचनेचं फांद्याफांद्यांचं झाड करते आणि चुका दाखवते. पण दरवेळी तीच फाईल पुन्हा कशाला वाचायची? एकदा वाचली की झाड मेमरीत ठेवून द्यायचं. बाकी लोकांना हे सुचत कसं नाही? पुढच्या शुक्रवारी ब्यारुहांगा साहेबांना दाखवायचं. पसंत पडली तर सगळं ऑफिस ती वापरणार आणि टीमचा प्रमुख मी. जेवताना केळ्यांचा मातोके चार घास जास्तच गेला.

३ मार्च
झालं! दुसऱ्यांदा फाईल डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडते. साहेबांना सांगून टाकलं, दहापट वेग. मोजलं नव्हतं, पण दिसतंय ना. शेजारच्या टेबलावरची नान्तोंगो म्हणाली, दादा, फाईल बदलली तर? म्हटलं, चांगला कोड कोणी बदलत नाही. ती आपल्या कामाला लागली. पटलं असावं.

५ मार्च
ओमुटीचाच कोड ओमुटीकडून तपासून घेतला. एका फंक्शनमध्ये चूक निघाली. सुधारली. पुन्हा तपासलं, तीच चूक. पुन्हा सुधारली, पुन्हा तीच. आज माझं चित्त थाऱ्यावर नाही.

६ मार्च
फंक्शन नव्याने लिहिलं. तीच चूक. वैतागून फंक्शनच काढून टाकलं. तरी ओमुटी म्हणते, त्यात चूक आहे. नसलेल्या फंक्शनमध्ये! किती खोलवर चुकलोय मी. नान्तोंगो म्हणाली, एकदा बंद करून चालू करा की. साफ नकार दिला. सगळा साठा जाईल त्याने.

९ मार्च, सकाळी
लाईट गेली. ऑफिसचं मशीन बंद पडलं. लाईट आली तेव्हा चूक गायब. धीर धरला की सगळं जुळून येतं.

९ मार्च, संध्याकाळी
चूक पुन्हा आली. म्हणजे दुसरी आली. हटत नाही.

१० मार्च
आता मशीनच रांगतंय. चाचणीसाठी सगळ्या ऑफिसच्या फाईली तिला वाचायला दिल्या, त्यांची झाडं मेमरीत गोळा झाली आहेत. नान्तोंगो विचारते, ओमुटी यातलं टाकून कधी देते? म्हटलं, कधीच नाही, तीच तर तिची खासियत. ती म्हणाली, मग निदान फाईल कधी बदलली ती वेळ झाडाशेजारी लिहून ठेवा, वेळ पुढे गेली की नवीन झाड करा, दोन ओळींचं काम आहे. दोन ओळी! म्हणजे इतके दिवस मी काय केलं असं साहेब विचारतील. शुक्रवारनंतर बघू.

१२ मार्च
साहेबांनी कंपालातल्या इतर ऑफिसांतल्या लोकांनाही उद्या बोलावलंय. दहापट वेग म्हणून. आता माघार कशी घेऊ? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. दुपारी जेवण गेलं नाही. नान्तोंगोने विचारलं, तुमच्या कोडमध्ये कॅशे बंद करायचा एक स्विच ठेवू का? म्हटलं, ठेव बाई, त्याची गरज पडायची नाही.

१३ मार्च, शुक्रवार
सुरुवात झकास. फाईल पटकन उघडली, पाहुणे माना डोलावत होते. मग साहेब म्हणाले, थांब, ही एक ओळ मी खोडतो, आता दाखव. दाखवलं. ओळ जागच्या जागी. साहेबांनी पूर्ण फंक्शन खोडलं. तेही पडद्यावर जसंच्या तसं. मी म्हणालो, सर, ओमुटी काही विसरत नाही. साहेब म्हणाले, अरे, मी खोडलेलं मला परत दाखवून काय उपयोग? कोणीतरी हसलं. माझे कान तापले.

नान्तोंगोने उठून तो स्विच दाबला. पुन्हा चालवलं. ओळ गेलेली, फंक्शन गेलेलं. आणि वेळ? तेवढाच. फाईल नव्याने वाचायला इतका कमी वेळ लागतो हे मी कधी मोजलंच नव्हतं. टाळ्या पडल्या.

ओमुटी सगळ्या ऑफिससाठी मंजूर. टीमची प्रमुख नान्तोंगो. खरं सांगायचं तर फार वाईट वाटलं.

१६ मार्च, सोमवार
नव्या प्रमुखांनी पहिलं काम दिलं: कॅशे काढून टाकणे. दुपारपर्यंत झालं. तिने तपासून मंजूर केलं आणि खाली लिहिलं, छान दादा, आता कुठे वेग आला.