निर्वेध ताबा

सेलू, १२ जानेवारी १९५८

आलो एकदाचे! कचेरीत दुसऱ्यांची गहाणखतं उतरवून बोटं झिजली, आज माझ्या नावाचं झालं. ताबेगहाण म्हणजे साधा व्यवहार. मी रायभान मेंढपाळाला रक्कम दिली, त्यानं घर दिलं. रकमेला व्याज नाही, घराला भाडं नाही. तो पैसे फेडेपर्यंत घर माझं. रोगानं मेलेल्या मेंढरांच्या जागी त्याचा नवा कळप उभा राहील, आणि माझेही पैसे बुडत नाहीत. दोन खोल्या, अंगण, लिंबाचं झाड, त्याखाली एक सपाट दगड.

प्रभावतीच्या पाटल्या मोडाव्या लागल्या, पण ती कुरकुरली नाही. परभणीला आमची बाळी गेली, तेव्हा घरमालकानं सुतक फिटायच्या आत खोली सोडायला लावली होती. तेव्हाच ठरवलं, यापुढे राहीन त्या घरात दुसऱ्या कुणाचा शब्द चालणार नाही. प्रभेनं सारवून रांगोळी काढली. फार दिवसांनी तिला हसताना पाहिलं.

१९ जानेवारी

रायभानची बायको भिवराबाई सांजेला दारात. दगडाखाली तिचं तान्हं लेकरू पुरलंय म्हणे. रोज तिथं दूध ठेवायची. काकुळतीला आली, "सायेब, घर तुमचंच हाय. सांजंला वाटीभर दूध तेवढं ठिवू द्या."

वाईट वाटलं, पण मी कायदा जाणतो. मूळ मालकाचं पाऊल आत राहिलं की ताबा कच्चा. तिला तोंडावर सांगितलं, आज वाटी, उद्या वहिवाट. फाटकाला कुलूप घातलं. ती बराच वेळ बाहेर उभी होती. प्रभा जेवली नाही.

२ फेब्रुवारी

प्रभा खुशीत. भाकरी थापताना बाळीची अंगाई गुणगुणते. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. भिवराबाई फाटकाशी यायची थांबली. कळप घेऊन येलदरीकडे गेले म्हणतात.

आज मात्र प्रभेच्या चोळीला ओल दिसली. बाळी जाऊन वर्ष उलटलं. विचारलं, तर तिनं पदर ओढून घेतला.

१६ फेब्रुवारी

दुपारीच घरी आलो. प्रभा दगडावर मांडी घालून बसलेली, पदराखाली काहीतरी घेऊन. पदर हलत होता. मी उचलला. खाली काहीच नव्हतं.

चोखण्याचा आवाज थांबला नाही.

प्रभा वाळत चाललीय. गालफडं बसली. घर सोडू म्हटलं, तर म्हणते, ह्याला टाकून कुठं जाऊ?

२३ फेब्रुवारी

येलदरीहून भिवराबाईला आणलं. हात जोडले, घर फुकट परत घ्या म्हटलं. तिनं दूध ठेवलं, हाक मारली. पुन्हा मारली. आलं नाही. तिनं प्रभेच्या पदराजवळ हात नेला, आणि हंबरडा फोडला — "माझा वास इसरलं, सायेब! ताबा तुमीच मागितला. आता नुसतं घर घिऊन काय करू?"

प्रभेनं तिच्याकडे पाठ फिरवली. मला रडू आवरेना.

३ मार्च

प्रभा गेली. अंगात थेंब उरला नव्हता. माझी प्रभा. मीच केलं हे.

कुलूप विहिरीत फेकलं. आता काय उपयोग —

९ मार्च

रडतंय. दिवसाढवळ्या. भुकेनं — वाटी ठेवली. शिवलं नाही.

मग अंगाई. दगडाखालून. प्रभेला तर मी स्वतः अग्नी दिला —

भिवराबाई आलीय. खिडकीतून दिसते. हातात वाटी. फाटक सताड उघडं, तरी आत येत नाही. विचारते, येऊ का सायेब —

या, म्हणायला तोंड उघडलं. अंगाई थांबली. प्रभेचा आवाज, अगदी कानाशी, माझेच शब्द — आज वाटी, उद्या —