कृतिकाचे विमान पडेपर्यंत

मी, मंदाकिनी जगन मढवी, वय ७३, राहणार ठाकुर्ली पूर्व, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहिते. कोणाच्या दबावाने नव्हे; तोंडी सांगितलेले या घरात कोणी ऐकत नाही म्हणून. मी पदार्थविज्ञानाची पदवीधर आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. खाली लिहिले आहे ते मी पाहिलेले आहे.

१. राहते घर आणि बँकेतील ठेवी मुलगा प्रितम व मुलगी कृतिका यांना निम्म्या-निम्म्या. मुलांच्या वडिलांचे तेरावे झाल्यावर दुसऱ्याच दिवशी प्रितमने त्यांची विमाने मला न विचारता विकली. मी ते विसरलेले नाही. पण त्यासाठी त्याचा वाटा कापत नाही.

२. माझे यजमान रिमोटवरची छोटी विमाने उडवत. मानपाड्याची आमची जमीन हेच त्यांचे मैदान. मला शिकवताना ते दोन रिमोट तारेने जोडत. शिष्याचा माझ्याकडे, गुरूचा त्यांच्याकडे. माझे चुकले की ते विमान स्वतःकडे घेत आणि माझ्या रिमोटवरच्या दांड्या निर्जीव होत. सहा वर्षांपूर्वी त्याच मैदानात ते हृदयविकाराने गेले. गुरूचा रिमोट तेव्हापासून कपाटात आहे, सेल काढलेला.

तरीही त्या मैदानात माझे चुकले की दांड्या निर्जीव होतात. विमान सावरते, वळते आणि डावे चाक आधी टेकवून उतरते. यजमान तसेच उतरवत. मी नवे विमान आणले, नवा रिमोट आणला, मुद्दाम नाक जमिनीकडे घातले. आजवर एकही विमान पडलेले नाही.

३. गेल्या रविवारी कृतिकाने पहिल्यांदा रिमोट हातात घेतला. विमान उलटे झाले आणि मग अलगद उतरले.

"आई, मी काही केलंच नाही गं!"

"नाटकं बघ हिची," प्रितम म्हणाला. "लँडिंग तर एक नंबर केलंस!"

थोड्याच वेळात तिलाही ते खरे वाटू लागले. आता तिने माणसाएवढ्या पंखांचे, पेट्रोलवर चालणारे विमान मागवले आहे. मी गेल्यावर यजमान माझ्याबरोबर आले, तर ते विमान कोणाच्या तरी डोक्यात जाईल. यजमान इथेच राहिले, तर तिला जन्मात शिकता येणार नाही. मला नाहीच आले.

४. म्हणून ते विमान परत करावे. माझ्या पैशांतून नवशिक्याचा संच घ्यावा. विमान फोमचे, पंख वरच्या बाजूला, प्रोपेलर मागे. म्हणजे नाकावर पडले तरी प्रोपेलर शाबूत राहतो. साधा चार चॅनेलचा रिमोट, जादा बॅटऱ्या. चार्जर घेताना चिकटपणा करू नये, आग तिथूनच लागते. दुकानदार आपोआप तोल सावरणारे यंत्र गळ्यात मारेल. ते घेऊ नये. मग सावरले कोणी, हे कळणार नाही.

५. मानपाड्याची जमीन कृतिकाला. पण त्याआधी यजमानांचे सोबती गुरुदत्त केणे यांच्यासमोर, तिच्याच चुकीने, तिचे विमान तिथे एकदा आपटले पाहिजे. कृतिका, तेव्हा रडू नकोस. त्या दिवसापासून तुला शिकता येईल.

६. माझ्यामागे वर्षभरात विमान पडलेच नाही, तर जमीन दोघांची. प्रितम ती बिल्डरला देईल, हे मला ठाऊक आहे. द्यावी. मात्र करारात 'रिकामा ताबा' असे लिहू नये. ते खोटे ठरेल.

वरील मजकूर स्वतः लिहून, पुन्हा वाचून, दोघा साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

सही: मंदाकिनी जगन मढवी

साक्षीदार:
१. गुरुदत्त केणे, खोपट, ठाणे (यजमानांचे मैदानातले सोबती)
२. विनिता भोईर, ठाकुर्ली (शेजारी)

ठिकाण: ठाकुर्ली
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५