पायाखालची तार

अप्पा, तुम्ही मला दिलेल्या शिवणाच्या मशीनच्या फळीवर कागद ठेवून हे लिहिते आहे, आणि विषय आहे मासे धरायची होडी. आता लगेच चष्मा काढून पुसायला घेऊ नका. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंड्याचं नावसुद्धा कुणी काढायचं नाही, आणि लेक म्हातारपणी गळ टाकणाऱ्या होडीत जाऊन बसते, हे ऐकून तुमचं तोंड कसं होईल ते मला इथून दिसतं. माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही नाही म्हणाला नाहीत, फक्त कात्री जरा जोरात खाली ठेवलीत. मुलगा बरा, नोकरी बरी, घर मराठीच, पण पणजोबांपासून पलटणीतलं, खाणारं-पिणारं, आणि मुलगा दर रविवारी पाण्याकाठी जाऊन बसणारा. सुम्ने, नुसताच बसतो का तिथं, असं तुम्ही आईला विचारलंत. आई म्हणाली, सुम्ने कशाला बसेल, गळ लावून बसतो. तरीही लग्नात तुम्ही स्वतःचं मशीन मला दिलंत आणि दुकानात दुसरं आणलंत. पुढं दरवर्षी आयुधपूजेला यायचात, मशीनला गंधफूल लावायचात, आणि माझ्या घरी पाण्याशिवाय काही घ्यायचा नाहीत. कॉफीसुद्धा नाही. मला त्याचा राग यायचा. अजून थोडा येतो.

पण मशीन म्हटलं की मला तुमचं दुकानच दिसतं. दुपारची वेळ आहे, रस्त्यावर कुणी नाही, खडूचा आणि तेलाचा वास आहे, आणि तुम्ही मला पहिल्यांदा स्टुलावर बसवता. मी चप्पल घालूनच पायडलवर पाय ठेवते आणि तुम्ही माझ्याकडे नुसते बघता. मग मी चप्पल काढते, मशीनला हात लावून डोळ्यांना लावते, आणि पाय ठेवते. ढकलते जोरात. चाक उलटं फिरतं, दोरा तुटतो. पुन्हा ढकलते, पुन्हा तुटतो. तुम्ही मला कधी मारलं नाहीत, पण त्या दिवशी माझ्या घोट्यावर गजाची पट्टी टेकवलीत आणि म्हणालात, "पाय ढकलायला ठेवायचा नाही ग. ऐकायला ठेवायचा. आणि सुईकडं बघू नको, पुढं बघ." मला काही कळलं नाही. पाय काय ऐकतो, असं मी मनात म्हटलं. पुढं तोच पाय आयुष्यभर खाली-वर, खाली-वर चालला, त्यावर पोरांची शिक्षणं झाली, आणि तो काय करतो याकडे मी कधी बघितलंसुद्धा नाही.

गेल्या वर्षी ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. पाय थोडा परत आला, काठी घेऊन चालतात, पण हात मांडीवर नुसता पडून असतो. डॉक्टर म्हणाले बोलता येईल, आणि येतंही, पण बोलायचंच नाही असं ह्यांनी ठरवलं. बन्नीमंटपच्या बाजूची खिडकी आहे ना आमची, तिथं बसायचे आणि रस्त्याकडं नाही, भिंतीकडं बघायचे. मी ओरडले, रडले, देवाला बोलले. काही नाही. एकदाच मान वळली. ह्यांचा भाचा आला होता, त्याची कबिनीच्या मागच्या पाण्यात होडी आहे, त्याबद्दल तो बोलत होता, तेव्हा हे म्हणाले, "पाणी किती आहे आता?" कित्येक महिन्यांनंतरचं ते पहिलं धड वाक्य. भाच्याचं तोंड पडलं, कारण त्याची बदली बेंगळुरूला झाली होती आणि दसऱ्यानंतर होडी तो दुसऱ्या कुणाला देणार होता. मामांना घेऊन कोण जाणार, म्हणाला, चालवायला कुणीतरी हवं. मी चालवीन, असं मी म्हटलं. मी दसऱ्याच्या हत्तीवर अंबारीत बसते म्हटल्यासारखे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

होडीच्या पुढच्या टोकाला एक छोटी मोटर असते, बॅटरीवर चालणारी, आवाज जवळजवळ नाहीच. ट्रोलिंग मोटर म्हणतात. मासे बिथरू नयेत म्हणून होडी हळूहळू सरकवायला, वाऱ्यात एका जागी धरून ठेवायला ती लागते. हल्ली हातातल्या बटणानं वळणाऱ्याही मिळतात, पण ही तारेवरची. पायाखाली पायडल, त्यातून निघालेली तार थेट मोटरच्या डोक्याला. पायाची बोटं दाबली की होडी उजवीकडं, टाच दाबली की डावीकडं, आणि पाय उचलला की ती स्वतःच्या मनानं वळते. मी बसले, बटण दाबलं, आणि अप्पा, पाय चालायला लागला. बोटं, टाच, बोटं, टाच. कापड पुढं सरकवायचं असल्यासारखा. होडी सापासारखी वळवळत निघाली, मग गोल फिरली. ह्यांची दोरी ह्यांच्याच खुर्चीला गुंडाळली गेली. भाचा मागून म्हणत होता, "मामी, निधान, हळू. शिवू नका हो, नुसतं धरा." मी थांबवायचे, आणि लक्ष जरा हललं की पाय पुन्हा सुरू. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी ह्यांनी गळ डाव्या हातानं खाली ठेवला आणि म्हणाले, "साकु, बिडु. पुरे झालं, सोड. देऊन टाकायला सांग त्याला."

दुसऱ्या दिवसापासून हे पुन्हा भिंतीकडं. मला इतका राग आला तुमचा! दुसऱ्या कुणा बाईचा पाय असता तर चारदोन फेऱ्यांत शिकला असता, तुम्ही घडवलेला पाय दुसरं काही ऐकायलाच तयार नव्हता. तरी मी पुढच्या रविवारी ह्यांना उठवलं, अंगात स्वेटर घातला, चला म्हटलं, शेवटचं. हे आले ते माझ्याशी वाद घालायचा कंटाळा म्हणून.

धुकं होतं. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं, मधेच पाण्यात बुडालेलं एखादं वाळकं झाड उभं. मी खुर्चीत बसले, आणि हाताला काय झालं कोण जाणे, मी चप्पल काढली, वाकून त्या पायडलला हात लावला आणि डोळ्यांना लावला. भाच्यानं दुसरीकडं बघितलं. मग उघडा पाय ठेवला. आणि तार लागली, अप्पा. इतके दिवस चपलेखाली ती मला लागलीच नव्हती. वारा होडीला ढकलतो तशी ती तळव्याला हलकेच ओढते, मोटर वळते तशी टाचेखाली थोडी उठते. मी ढकलत नाही. ती ओढते तेवढंच देते. मोटरकडं बघत नाही, त्या वाळक्या झाडाकडं बघते. माझा पाय थांबलाय. होडी थांबली आहे. मोटरचा आवाज दुपारी दुकानात यायचा तसा, लांबून, आणि गळ्यात टेप अडकवून तुम्ही माझ्या पाठीशी उभे आहात असं मला इतकं खरं वाटतं की मी मागं वळून बघत नाही.

ह्यांनी डाव्या हातानं गळ टाकला. जवळच पडला. पुन्हा टाकला. किती वेळ गेला ठाऊक नाही, धुकं विरळ झालं आणि गळाची काठी वाकली. होडी वळायला लागली, तार तळव्याला खेचायला लागली, आणि हे, वर्षभर भिंतीकडं बघत बसलेले, ओरडले, "हिडि, हिडि! धर, सोडू नको!" मी धरून ठेवली. काठी मांड्यांत दाबून ह्यांनी एका हातानं तो मासा वर घेतला, आणि हसले. तोंडाची एकच बाजू हसते आता. पण ती पूर्ण हसली.

होडी आमच्याकडंच राहिली. या आयुधपूजेला मोटर घरी आणून मी तुमच्या मशीनशेजारी ठेवली आणि दोघांना एकाच वाटीतलं गंध लावलं. तुम्हाला चाललं असतं की नाही, मला माहीत नाही.

तुम्ही गेल्यावर आता हे कागद पाठवायचे कुठं, बॉबिनांच्या खणात राहतील. एक गोष्ट तेवढी सांगायची आहे. त्या दिवशी काठाला येताना ह्यांनी मला विचारलं, "असा पाय धरायला कुणी शिकवलं तुला?" मी भाच्याचं नाव सांगितलं. तुमचं ओठावर आलं होतं. पण ओल्या फडक्यात मासा होता, सगळ्या होडीला वास होता, आणि मला तुमची माळ दिसली. माझ्या घरी कॉफीसुद्धा न घेणाऱ्या माणसाला त्या वासात कसं बोलवू? म्हणून आता सांगते आहे, अंघोळ करून, मशीनशी बसून. तुम्ही शिकवलंत, अप्पा.