राखेत घोळवलेलं बियाणं

खडवली
बुधवार, २७ नोव्हेंबर २०२४

चि. उर्वीस,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण मी त्याला दाद देत नाही. भातानंतरचे वाल पेरून झाले. सकाळी स्वेटर लागतो. तुझं ऑफिस, घोडबंदरचं ट्रॅफिक, सगळं नेहमीसारखंच असणार.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, हे एक कारण. आणि जे सांगायचं आहे ते तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला तोंडाने म्हणवत नाही, हे दुसरं. गिरणीवाला प्रशांत उद्या ठाण्याला जातोय. दिवाळीत आपल्या नव्या भाताचा पाच किलो तांदूळ तुला त्यानेच आणून दिला होता. हे पत्रही त्याच्याच हाती देते.

रविवारी तू येणार म्हणालीस. चार वर्षांत पहिल्यांदा! डोंबिवलीचं घर विकून बाबा इथे आजोबांच्या वीस गुंठ्यांत भात लावायला आले, तेव्हापासून तू इथे पाऊल टाकलं नाहीस आणि त्यांच्याशी बोललीही नाहीस. फेब्रुवारीत ते गेले, तेव्हा कल्याणच्या स्मशानात मला म्हणालीस, "आई, अस्थी एवढ्यात सोडू नकोस. माझा राग उतरू दे, मग मीच नेईन त्यांना." मी थांबले. आणि परवा तुझा फोन. "राग गेला गं. कधी गेला कळलंच नाही. रविवारी येते, नदीवर जाऊ."

उर्वी, डबा रिकामा आहे.

थांब, लगेच फोन लावू नकोस. आधी वाचून घे.

अस्थी घरात ठेवत नाहीत, म्हणून डबा मी बाहेरच्या बियाण्याच्या खोलीत फळीवर ठेवला होता. शेजारी तसाच दुसरा स्टीलचा डबा, त्यात गोवऱ्यांची राख. आपण औषधं मारत नाही. चैत्रात बियाणं पुन्हा उन्हात वाळवायचं आणि राखेत घोळवून ठेवायचं, म्हणजे कीड लागत नाही. ही पद्धत बाबांनी तुळसाकडून घेतली. तुळसा म्हणजे आपली शेजारीण, लावणी-कापणीला तीच येते. तर यंदा तुळसाने चुकून दुसराच डबा उपडा केला.

नाही, खोटं लिहिलं. तुळसा त्या दिवशी माहेरी गेली होती. डबा मीच उपडा केला. चष्मा घरात राहिला होता. तेवढी मात्र खरोखर चूकच होती.

पुढचं चूक नव्हतं. जूनमध्ये पेरणीआधी बी मिठाच्या पाण्यात टाकलं. पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे असतात. यंदा एकही दाणा वर आला नाही. टबाच्या तळाशी राख बसली होती आणि तिच्यात नखाएवढे दोन पांढरे तुकडे. हाड मला ओळखता येतं. तेव्हा थांबता आलं असतं, ते सगळं नदीवर नेता आलं असतं, तुला बोलावता आलं असतं. मी वरचं पाणी ओतून काढलं, तळाचं सगळं ओंजळीत घेतलं आणि रोपांच्या वाफ्यात पसरलं. बीही तिथेच पेरलं. मला त्यांना सोडायचं नव्हतं गं. तुझ्या रागाचं मी निमित्त केलं.

पीक असं आलं की बघत राहावं. मुनियांचे थवे दरवर्षी दाण्यावर तुटून पडतात, यंदा तारेवर नुसते बसून राहिले. ऑक्टोबरात भर दुपारी झाडाचं पान हलत नसायचं आणि शेतात एकाच रेषेत लोंब्या हलायच्या. विहिरीपासून उगवतीच्या बांधापर्यंत, मग वळून परत. बाबांची रोजची फेरी. पहिल्या दिवशी मी घरात जाऊन दार लावून घेतलं. चौथ्या दिवशी मी दोन कप चहा टाकला.

तुळसाने कापणी केली, पण तिच्या वाट्याचं भात काही नेलं नाही.

"काकी, यंदा भात नको मना."

"का गं?"

"कापताना पुढं कोन तरी चालत व्हतं. इळा मारला का पाय काढून घ्यायचं."

ते भात शिजवून खायची माझी छाती झाली नाही. पण तुला पाठवलं. स्वतः न खाता लेकीला पाठवलं, याचा आज मला माझाच संताप येतो. तेव्हा एवढंच वाटलं होतं, की माणूस शेवटपर्यंत तुझ्यासाठी झुरलं, निदान असं तरी तुझ्यापर्यंत पोचेल.

परवा नदीवर जायचं बोलून झालं आणि मधेच तू म्हणालीस, "आणि माझा विळा उगवतीच्या बांधाला खेकड्याच्या बिळात राहिलाय. गंजेल."

मी विचारलं, "काय म्हणालीस?"

तू हसलीस. "कुठे काय? भात छान लागतो म्हटलं. रोज तोच करते."

तो विळा जानेवारीपासून सापडत नव्हता. कुठे ठेवला ते बाबांना आठवेना, सगळं शेत पालथं घातलं होतं त्यांनी. तुझा फोन ठेवून मी गेले आणि बिळात हात घातला. लाकडी मूठ हाताला लागली. उर्वी, चार वर्षांत तू या शेतात आलेली नाहीस. तू पूर्व म्हणतेस, उगवत म्हणत नाहीस.

मला भीती वाटते. त्याहून जास्त आनंद होतो, आणि त्या आनंदाचीच जास्त भीती वाटते.

तुझा राग तू उतरवलास की त्या भाताने, हे मला कळत नाही. तू खरोखर माफ केलं असशील तर बाबांना त्याहून काही नको होतं. पण ती माफी त्यांची त्यांनीच तुझ्या तोंडून वदवून घेतली असेल, तर ती घेऊन मी नदीवर कशी येऊ?

म्हणून एक कर. पत्र मिळाल्यापासून तो तांदूळ शिजवू नकोस. पोळ्या खा, बाहेरून मागव. रविवारपर्यंत राग परत आला तर येऊ नकोस. मी वाईट वाटून घेणार नाही, तो राग तुझा हक्काचा आहे. आणि नाही आला, तर ये. याच पिकातलं पुढच्या वर्षाचं बियाणं पोत्यात भरून ठेवलंय. नदीत सोडायचं की पेरायचं, ते तू सांगशील तसं. मला विचारू नकोस, मी पेरा म्हणेन.

हे लिहितानाही एक मन म्हणतंय, पत्र फाडून टाक, खाऊ दे तिला, रविवारी अंगणात ती त्यांच्या चालीने चालत येईल. म्हणून पाकीट आत्ताच प्रशांतकडे नेऊन देते. सकाळपर्यंत थांबले तर माझ्याने दिलं जाणार नाही.

तुझी, आणि फक्त तुझीच वाट बघायचं ठरवलेली,
आई